सोलापुरात पहिल्यांदा येताय? चांगलं जेवण असं शोधा

अक्कलकोटला, तुळजापूरला नाहीतर पंढरपूरला जाताना सोलापुरात एखादा मुक्काम करणारे आमचे इतके पाहुणे आणि मित्र आहेत की महिन्यातनं एकदा तरी फोन येतोच, "अरे चांगलं हॉटेल सांग ना एखादं". मी दरवेळी आधी दोन गोष्टी विचारतो, किती वाजता जेवणार आणि त्या वेळी गावात कुठं असणार. कारण सोलापुरात जेवण पेठेवर आणि घड्याळावर चालतं. सकाळी आठला जिथं इडलीसाठी गर्दी असते तिथं दुपारी शटर बंद असतं, आणि रात्री नऊला जिथं निखाऱ्याचा धूर दिसतो तिथून तुम्ही दुपारी शंभर वेळा गेलात तरी काही कळणार नाही. एक नाव लिहून घेऊन आलात आणि चुकीच्या वेळी पोचलात तर उपाशी राहाल नाहीतर स्टँडजवळच्या कुठल्यातरी पनीरवर भागवाल. म्हणून नावं न देता शोधायची पद्धत लिहितोय, म्हणजे मी फोन उचलला नाही तरी तुमचं जेवण चुकणार नाही.

पहिलं काम, गाव समजून घ्या.

सोलापुरात चार भाषा एकत्र राहतात आणि चारी भाषांची स्वयंपाकघरं वेगळी आहेत. बाळीवेस, उत्तर कसबा, मंगळवार पेठ हा जुना भाग, इथं कानडी बोलणारी लिंगायत घरं जास्त, त्यामुळं शाकाहारी खानावळी, भाकरी, चटण्या, शेंगापोळी हे सगळं इकडं. पूर्व भाग म्हणजे साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौक, जोडबसवण्णा चौक, इथं तेलुगू बोलणारा पद्मशाली समाज, यांचे पूर्वज तेलंगणातनं विणकामासाठी आले आणि चादरीचं सोलापूर त्यांच्या हातानं उभं राहिलं. तिकडं सकाळचा नाष्टा आणि संध्याकाळचे गाडे बघायचे. विजापूर वेस, बेगम पेठ, किडवाई चौक इकडं शीक कबाब, बिर्याणी, दालचा. आणि मराठी पद्धतीचं मटण, काळ्या तिखटातलं, ते गावभर आणि गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर. जुळे सोलापूर, होटगी रोड, सात रस्ता इकडं नवीन फॅमिली रेस्टॉरंट खूप झालीत, एसी आहे, पार्किंग आहे, लहान पोरं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर सोय चांगली होते, पण सोलापूरचंच काही खायचं असेल तर वेशीच्या आत या.

मुक्काम कुठंही असला तरी हे सगळे भाग रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांत होतात. जुन्या गावात स्वतःची चारचाकी घालू नका, बाजारातल्या मधल्या मारुतीजवळ एकदा अडकलात की जेवायची वेळ तिथंच जाते. पार्क चौकाच्या आसपास कुठंतरी लावा आणि पुढं रिक्षा करा नाहीतर चालत जा.

मग घड्याळ लावा.

नाष्टा सकाळी सात ते साडेनऊ. पूर्व भागात गेलात तर हीच वेळ, इडली, वडा, डोसा, पुरीभाजी, आणि दहा वाजले की चांगल्या गाड्यावरची भांडी घासायला निघालेली असतात. जेवण साडेबारा ते अडीच, त्यातही एकच्या आत पोचलात तर गरम भाकरी हमखास मिळते. अडीच ते साडेसात ही पोकळ वेळ आहे, या वेळात खानावळीत जायचंच नाही. मागं एकदा पुण्याच्या आत्याला आणि तिच्या नातवंडांना घेऊन मी दुपारी साडेतीनला एका खानावळीत गेलो, मालकानं नाही म्हणायचं सोडून बसा बसा म्हणून बसवलं आणि सकाळची भाकरी तव्यावर पाणी शिंपडून परत गरम करून दिली, वरून चामडं आणि आत कोरडी. आत्या काही बोलली नाही पण तिनं दुसरी भाकरी घेतली नाही आणि मला ते अजून लागतं, कारण तीच खानावळ दुपारी एकला चांगली असते. तेव्हापासून या मधल्या वेळेसाठी मी भजी, मिरची, चहा नाहीतर उन्हाळ्यात उसाचा रस आणि ताक एवढंच सांगतो. रात्री साडेसात-आठनंतर परत सगळं सुरू होतं आणि शीक, मटण वगैरेला खरा जोर नऊनंतर.

एप्रिल-मे मधे येणार असाल तर हे घड्याळ अजून घट्ट पाळा, पारा चाळीसच्या वर असतो, दुपारी तिखट मटण खाऊन चादरीच्या दुकानात फिरायला जाणं अंगावर येतं. उन्हाळ्यात दुपारी भाकरी-दही-चटणी आणि मटण रात्री.

आता विचारायचं कुणाला.

मोबाईलवर बघू नका असं म्हणणार नाही, पत्ता आणि चालू-बंद बघायला मॅप कामाला येतो. पण ज्या खानावळीत पंचवीस वर्षं तीच माणसं रोज जेवतात त्यातला कुणी घरी जाऊन स्टार देत बसत नाही, त्यामुळं मॅपवर नवी चकचकीत हॉटेलं वर येतात आणि जुनी कुठंतरी खाली राहतात. फोटो मात्र बघा, आणि तेसुद्धा मालकानं टाकलेले सोडून गिऱ्हाइकानं टाकलेले. ताटात भाकरी दिसते की नुसती रोटीच, एवढं बघितलं तरी निम्मं कळतं.

विचारायचं ते माणसाला, आणि प्रश्न नीट विचारायचा. रिक्षावाल्याला "चांगलं हॉटेल कुठलं" म्हटलं तर तो तुमच्याकडं बघून, कपडे बघून, बायका-पोरं बघून तुम्हाला एसी हॉटेलात नेईल, त्यात त्याची काही चूक नाही, त्याला वाटतं पाहुण्याला तेच पाहिजे. त्याला असं विचारा, "मालक, तुम्ही दुपारी घरी गेला नाहीत तर भाकरी कुठं खाता?" मग बघा चेहरा कसा बदलतो ते. "भाकरी खाऊलालात व्हय? मग असं सांगा की आधी!" म्हणत रिक्षा वळतेच. मालक, अण्णा, मामा, यातलं काहीही म्हणा, चालतंय. बायकांना मावशी नाहीतर अक्का. सोलापूरचं "बे" ऐकून आपणही लगेच कुणाला बे म्हणू नका, ते दोस्तांमधलं आहे. आणि "करलालोय, जाऊलालोय" ऐकून गोंधळू नका, करतोय आणि जातोय एवढंच.

रिक्षावाल्यापेक्षाही चांगला माणूस म्हणजे चादर-टॉवेलच्या दुकानातला काउंटरवरचा माणूस. सोलापुरात आलात तर चादर घेणारच आहात. मोजून घडी घालून देताना तो थोडा मोकळा असतो, तेव्हा विचारा. मागच्या दिवाळीनंतर नाशिकच्या एका मित्राला घेऊन गेलो होतो, तिथल्या माणसानं आधी विचारलं "नाष्टा का जेवण?", मग "व्हेज का नॉनव्हेज?", मग "तिखट चालतंय का?", आणि तिन्ही उत्तरं ऐकून मगच एक गल्ली सांगितली. असे उलटे प्रश्न विचारणारा माणूस भेटला की त्याचं डोळे झाकून ऐका. जो काही न विचारता नाव सांगतो त्याचं दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करा. मी स्वतः दोन वेगवेगळ्या पेठांतल्या दोघांनी एकच जागा सांगितली की तिसऱ्याला विचारत नाही.

कानडी माणूस भेटला तर "ऊटा आयता?" म्हणून बघा, म्हणजे जेवण झालं का. एवढ्या दोन शब्दांवर मला एकदा दुकानात बसवून डब्यातली शेंगापोळी खायला घातलीय.

खानावळीत पोचलात, आता पहिली पाच मिनिटं.

दारात उभं राहून कान द्या. आतनं भाकरी थापायचा आवाज येतो का? हा आवाज ज्याला कळला त्याला सोलापुरात बोर्ड वाचायची गरज नाही. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळलेलं असतं, मावशी परातीत गोळा घेऊन तळव्याने आणि बोटांनी फिरवत थापते, तो थप-थप-थप आवाज आधी जड असतो आणि भाकरी पातळ होईल तसा हलका होत जातो. मग उचलून तव्यावर, वरनं पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकत आलं की उलटायची आणि शेवटी जाळावर धरायची, तेव्हा ती टम्म फुगते. ताटात आल्यावर पापुद्रा वेगळा सुटला पाहिजे आणि आतनं वाफ आली पाहिजे. घडी घातल्यावर तुकडे पडले तर पीठ जुनं. ज्वारीचं पीठ चार-आठ दिवसांत विरी जातं, मग कितीही चांगल्या हाताची असली तरी भाकरी थापताना चिरते आणि चव कडसर लागते.

ही भाकरी इतकी गोड का लागते हे पाहुणे नेहमी विचारतात. ज्वारी इथली आहे म्हणून. मालदांडी, रब्बीची, सप्टेंबर-ऑक्टोबरला पेरतात आणि पावसाळ्यात काळ्या रानात मुरलेल्या ओलीवरच ती वाढते. पुढं थंडी, कोरडी हवा, दाण्यावर पाऊस नाही, म्हणून दाणा मोत्यासारखा पांढरा आणि चकचकीत. जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मधे जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. खानावळीत "ज्वारी कुठली?" असं विचारून बघा, चांगल्या ठिकाणी मालक अभिमानाने गावाचं नाव सांगतो.

दुसरं बघायचं ते बसलेली माणसं. एकटी जेवणारी माणसं किती आहेत बघा, हमाल, वकील, बँकेतला, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेला खेड्यातला माणूस, हे सगळे एका बाकावर दिसले तर निवांत बसा. तिसरं, मेनूकार्ड. चांगल्या शाकाहारी खानावळीत बहुतेक ते नसतंच, फळ्यावर दोन भाज्या लिहिलेल्या असतात नाहीतर वाढपी तोंडाने सांगतो. जिथं एकाच छपराखाली चायनीज, पंजाबी, साऊथ इंडियन आणि "गावरान" असा चारपानी मेनू असतो तिथं भाकरी मागवू नका.

काय मागवायचं हा प्रश्न शाकाहारी खानावळीत येत नाही, ताट येतं. भाकरी गरम का कडक एवढंच विचारतात. पहिल्यांदा एक गरम घ्या आणि एक कडक. कडक भाकरी म्हणजे पापडासारखी पातळ थापून, भाजून, पार वाळवलेली, हातात घेतली की कडाकडा मोडते. ती भाजीबरोबर घास करून खायला जाऊ नका, टाळूला टोचते. पातळ भाजीत नाहीतर दह्यात चुरायची, दोन मिनिटं थांबायचं, मग खायची. बाजूला शेंगाचटणी, त्यावर दही नाहीतर तेल घालून कालवायची, करडईचं तेल मिळालं तर तेच मागा, त्याचा वास या चटणीबरोबर वेगळाच जुळतो. भरलं वांगं, मटकीची उसळ, झुणका, कांदा, काकडी, कोवळी मेथीची पानं कच्चीच. भात शेवटी थोडासा. धपाटे असतील तर दह्याबरोबर एक घ्याच.

वाढपी परत परत येतो, नको असेल तर ताटावर हात आडवा धरा, तोंडाने नको म्हटलेलं इथं कुणी मनावर घेत नाही.

मटणाचं थोडं वेगळं सांगायला पाहिजे. इथल्या मटणात काळं तिखट असतं, भाजलेल्या खोबऱ्याचा, कांद्याचा आणि मसाल्याचा रंग रश्शाला येतो आणि वर तर्री. पहिल्यांदा खाणाऱ्यानं सरळ रश्श्यात भाकरी बुडवू नये. आधी अळणी मागा, म्हणजे मटण शिजलेलं बिनतिखटाचं पाणी, ते थोडं वाटीत प्या. ते पातळ पण चवीचं असेल, हळद-मिठाबरोबर मटणाचा गोडवा लागत असेल, तर पुढचं सगळं चांगलंच असणार. अळणी नुसतं गरम पाण्यासारखं लागलं तर रस्सा वेगळा करून मटण नंतर त्यात सोडलंय असं समजा. तिखट सोसत नसेल तर "तिखट कमी करा" म्हणून उपयोग नाही कारण रस्सा सकाळीच झालेला असतो. त्याऐवजी रश्श्याच्या वाटीतली वरची तर्री चमच्याने बाजूला काढायची आणि त्यात अळणी मिसळायचं, आमच्या घरी लहान पोरांना असंच देतात. वजनावर विकत असतील तर ऑर्डरच्या आधी भाव विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

शीक खायला विजापूर वेशीकडं जायचं तर रात्री जा, आणि गाड्यावर एकदम चार प्लेट मागवू नका. एक मागवा, संपवा, मग दुसरी. निखाऱ्यावरनं उतरल्यावर पहिली काही मिनिटंच त्याची. रमजानमधे इकडं मीना बाजार भरतो, त्या दिवसांत संध्याकाळनंतर गर्दी प्रचंड पण खायला त्याहून चांगला काळ नाही.

सणांची गोष्ट निघालीच तर, जानेवारीत संक्रांतीच्या आसपास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. सात नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची, मिरवणूक निघते तेव्हा जुन्या गावातले रस्ते बंद असतात, त्यामुळं त्या दोन-तीन दिवसांत पेठेतल्या खानावळीचा नाद सोडून यात्रेच्या होम मैदानावरच फिरा आणि जे गरम तळलं जातंय ते खा. त्याच सुमारास हुरडा असतो, डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. गावाबाहेरच्या शेतात आगटी पेटवून शेणीच्या विस्तवात कणसं भाजतात, हातावर चोळून दाणे पुढ्यात टाकतात आणि बरोबर शेंगाचटणी, गूळ, दही. हुरड्याला सकाळी जा, उन्हं वर आली की बसवत नाही. आणि मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, म्हणजे शेतातल्या पूजेच्या सणाला, शहरातली निम्मी माणसं शेतावर असतात, खानावळी बंद दिसल्या तर घाबरू नका, ओळखीच्या कुणी शेतावर बोलावलं तर सगळे प्लॅन मोडून जा. भज्जी (सगळ्या भाज्या आणि कडधान्यं एकत्र शिजवलेली), बाजरीची भाकरी आणि आंबील, हे हॉटेलात मिळणार नाही.

शेवटचं काम, घरी न्यायचं सामान. हे स्टेशनवर गाडी यायच्या आधी दहा मिनिटांत करू नका. आदल्या दिवशीच मधला मारुती, चाटी गल्ली, टिळक चौक या बाजारात एक चक्कर मारा. शेंगाचटणी चाखल्याशिवाय घ्यायची नाही, चांगला दुकानदार स्वतःच हातावर देतो. चटणी कांडलेली पाहिजे. मिक्सरची चटणी भुकटी होते, चिमूट उचलली की गळून पडते. कांडलेलीत शेंगदाण्याचं तेल सुटलेलं असतं, चिमटीत दाबली की गोळी होते आणि बोटाला तेल लागतं. कागदावर ठेवली तर मिनिटभरात खाली डाग दिसतो. आधी भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, मग लसूण, आणि तिखट सगळ्यात शेवटी घशाशी. जिभेवर आधीच तिखट आलं तर दाणा कमी आणि मिरचीपूड जास्त. खवट वास आला तर सरळ ठेवून द्या. थोडी थोडी दोन दुकानांतनं घेऊन रात्री लॉजवर दोन्ही चाखा आणि जी आवडली ती सकाळी जास्त घ्या, मी सगळ्या पाहुण्यांना असंच करायला लावतो आणि दोन माणसांचं एकमत होतंच असं नाही.

शेंगापोळी घेतली तर चार-पाच दिवसांत संपवा. कडक भाकरी महिनाभर आरामात राहते पण ओल लागू द्यायची नाही, मुंबई-कोकणात राहत असाल तर घरी गेल्या गेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात टाका. दुकानात प्लास्टिकच्या पिशवीत देतात, त्यांना पुठ्ठ्याचा बॉक्स मागा. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्रभर जाणार असाल तर तो बॉक्स सीटखाली बॅगांच्या मधे सरकवू नका, नव्या चादरीच्या घडीत गुंडाळून बर्थवर पायाकडं ठेवा. दादरला उतरेपर्यंत एकही मोडत नाही.